कोठी एक, दोन, चार, पाच

ती सगळी जोडाजोडीची वर्षं होती. आधार पॅनला जोडा, पॅन बँकेला जोडा, गॅसची टाकी फोनला जोडा. राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत माणसं सकाळी भेटली की "चहा झाला का" ऐवजी "जोडलं का" विचारायची. अशात आमचा मामा मागे कसा राहील? त्याने केळी पिकवायच्या कोठ्या मोबाइलला जोडायचं ठरवलं, आणि त्या कामाला मला जुंपलं.

मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. असीरगडच्या रस्त्याला त्याचं पकाईघर. बागांमधून हिरवीकच्च केळी येतात, ती क्रेटमध्ये भरून बंद कोठीत ठेवतात, थोडा गॅस देतात, मोजकी ऊब देतात, आणि चार-पाच दिवसांत केळी पिवळी होतात. पिवळी झाली की गार कोठीत, म्हणजे गाडी येईपर्यंत टिकतात. कामाची पद्धत एवढीच. पण ऊब दोन अंश इकडची तिकडे झाली तर सगळा माल गाईंना घालावा लागतो.

मी तेव्हा पुण्याच्या एका लहानशा कंपनीचं काम घरी बसून करत होते. कंपनी एक कार्ड बनवायची. त्या कार्डाला ओळीने खाचा, खाचेत तार, आणि तारेच्या टोकाला एक खोकं. खोकं कोठीत टांगायचं, ते सांगणार इथे ऊब किती, गॅस किती, आणि त्यावरून त्या कोठीचं ऊब-गारव्याचं मशीन आपोआप चालू-बंद होणार. त्या कार्डाचा ड्रायव्हर मी लिहायचे. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि वस्तू यांच्यातला दुभाष्या. खोकं आपल्या भाषेत बडबडतं, कॉम्प्युटरला ते कळत नाही, म्हणून मध्ये हा. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी मशीनींना बोलतं करते." याहून बरी व्याख्या मला आजतागायत कुठे सापडलेली नाही, पण तेव्हा मी आईवर चिडायचे. मी चिडकीच आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं.

मामाच्या कोठ्या चार, त्यातली शेवटची गारव्याची. पण दारांवर रंगवलेले नंबर एक, दोन, चार, पाच.

"तीन कुठे गेली?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"नाव नको घेऊस बाई! तीन तिगाडा, काम बिगाडा. माझ्या वडिलांनी नाही ठेवली, मी नाही ठेवणार. तुझ्या त्या कॉम्प्युटरलाही सांगून ठेव."

आता कॉम्प्युटरला सांगून ठेवायचं म्हणजे मीच. ड्रायव्हरचं एक काम असतं, प्रत्येक खोक्याला नाव देणं. खोकं जागं झालं, हाकेला ओ दिली, की ड्रायव्हर म्हणणार, तू कोठी एक. दुसरं जागं झालं, तू कोठी दोन. मी त्यात घातलं की मोजताना तीन आला तर गुपचूप पुढे जा. सहा ओळींचं काम. मामा खूश झाला आणि खूश झालेला मामा फार महागात पडतो.

आठ दिवसांनी म्हणे, "पहिल्या कोठीच्या आधी श्री लाव. चांगलं असतं." लावला श्री. मग एक खोकं पाणी शिरून मेलं, त्या जागी नवं बसवलं. मामा म्हणाला, "मेलेल्याचं नाव लगेच दुसऱ्याला देतात का गं? काही रीतभात?" म्हणून मी व्यवस्था केली की बदललेल्या खोक्याच्या नावापुढे 'नवी' लागेल. महिन्याभरात तेही मेलं. मग पडद्यावर दिसायला लागलं, 'कोठी चार नवी नवी'. मामाने तेही कौतुकाने चार जणांना दाखवलं. असं करत करत नाव देण्याचा तो तुकडा साठ ओळींचा झाला, आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व होता. आख्ख्या निमाडात कोणाच्या ड्रायव्हरला रीतभात कळत नव्हती, माझ्या ड्रायव्हरला कळत होती!

पकाईघरात सगळ्यात जुना माणूस म्हणजे पकाईवाले काका. डोईफोडिया गावचे. मामाच्या वडिलांच्या वेळी पोरसवदा आले ते तिथेच म्हातारे झाले. कोठ्यांच्या चाब्या त्यांच्या करगोट्याला. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक कोठीत जायचे, क्रेटवरचा कागद उचलायचे, वास घ्यायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "अजून बारा तास." किंवा, "काढा, काढा, भरा गाडी." मापयंत्र वगैरे काही नाही, सगळा कारभार नाकावर. व्यापारी भाव करायच्या आधी विचारायचे, काकांनी वास घेतला का? घेतला म्हटलं की पुढे कोणी क्रेट उघडत नसे. त्या माणसाकडे शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं, होतं ते एवढंच.

मी खोकी टांगत होते तेव्हा ते खाली उभे राहून बघत होते.

"बेटा, हे नाक आहे का?"

"नाकच समजा काका."

"मंग याले सर्दी झाली तर?"

"याला सर्दी होत नाही काका," मी म्हणाले. केवढा तो माझा तोरा! आज आठवलं की कानशिलं गरम होतात.

तरी काकांनी खोक्यांशी वैर धरलं नाही. उलट माया लावली. रोज फडक्याने पुसायचे. आणि दसरा आला तेव्हा त्यांनी जे केलं ते आमच्याकडचा कुठलाही कामाचा माणूस करेल. वजनकाटा, हातगाडी, जनरेटर यांची पूजा केली, मग खोक्यांचीही केली. चालत्या मशीनला कुंकू लावत नाहीत. म्हणून त्यांनी चारही खोक्यांची बारकी बटणं बंद केली, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल चिकटवलं, नारळ फोडला आणि बटणं पुन्हा सुरू केली, एकेक करून. मामाने व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मी अंगठा दिला आणि पुरणपोळी खायला गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनी पहिल्या कोठीतून येऊन मामाला सांगितलं, "मालक, एक नंबरमध्ये उकडल्याचा वास येऊन राहिला."

मामाने मोबाइल काढला. "काका, एक नंबर तेरा अंशावर आहे. तेरा! तिथे उकडेल काय? उलट गार पडलीय, मशीन ऊब देतंय बिचारं."

"मले तर वास येतो."

"सर्दी झाली असेल तुम्हाला. दसऱ्याला थंड पाण्याने आंघोळ केली असेल."

काका पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. संध्याकाळी म्हणाले, पाच नंबर बर्फासारखी झालीय. मामाने पुन्हा मोबाइल दाखवला. पाच नंबर अठरा अंश, गरम, आणि गारवा देणारं मशीन पूर्ण जोरात चालू. "तुम्ही दार उघडं ठेवत असाल," मामा म्हणाला. "म्हणून थंड होत नाही."

तिसऱ्या दिवशी दोन्ही कोठ्यांतला माल बाहेर काढला. एक नंबरमधली केळी वरून हिरवी आणि आतून उकडलेल्या बटाट्यासारखी. पाच नंबरमधली तयार केळी गारठून काळीठिक्कर. मधल्या दोन कोठ्या रिकाम्या होत्या म्हणून वाचल्या. दोन गाड्या माल गेला. व्यापारी दारात उभा. मामाचा आवाज रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचत होता. तो मला फोन करून म्हणाला, "तुझ्या मशीनीने सगळं बरोबर नोंदवलंय, एकीत गार हवा, दुसरीत गरम. म्हाताऱ्याने दारं उघडी टाकली, म्हणून मशीन थांबलंच नाही. वय झालं आता, नाकही गेलं आणि लक्षही गेलं." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मशीन खोटं कशाला बोलेल मामा?"

काकांनी भांडण केलं नाही. चाब्या काढून वजनकाट्यावर ठेवल्या आणि डोईफोडियाची बस पकडली.

त्याच दुपारी लाइट गेली, अर्ध्या तासाने आली, आणि सगळं सुतासारखं सरळ झालं. कोठ्या ठरल्या अंशावर, केळी ठरल्या दिवशी पिवळी. मामा म्हणाला, "बघ! म्हातारा गेला आणि सगळं ठीकठाक." आता याला काय म्हणावं? कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

आठवडाभराने पुण्याहून फोन आला. माझा कोड तपासणारे वरिष्ठ होते, फार सभ्य गृहस्थ. कधी ओरडत नसत, फक्त वाचून दाखवत. त्या दिवशी त्यांनी माझा नाव देण्याचा तुकडा मोठ्याने वाचला. तीन आला तर पुढे जा. पहिला असेल तर श्री लाव. बदललं असेल तर नवी. आधीच नवी असेल तर नवी नवी.

मग म्हणाले, "हा ड्रायव्हर आहे की गुरुजी?"

मी पडद्यावरच्या ओळी मोजायला लागले.

"नाव देण्यासाठी साठ ओळी? अहो, आमच्या मुलाचं बारसं याहून लवकर आटोपलं. सोपं करा."

मला राग आला. फार आला. फोन ठेवून मी आईवर ओरडले, मांजरीवर ओरडले, मग बसले. सोपं करायचं म्हणजे आधी वाचायचं, आणि आपलाच कोड चार महिन्यांनी वाचणं म्हणजे आपलीच जुनी पत्रं चारचौघांत वाचणं. मी श्री काढला, नवी काढली, नवी नवी काढली. शेवटी राहिली ती मुळातली मोजणी. जो आधी जागा होईल तो एक, त्यानंतरचा दोन.

जो आधी जागा होईल तो.

मी तिथेच थबकले. लाइट जाऊन येते तेव्हा सगळी खोकी एकदम सुरू होतात, आणि कार्ड पहिल्या खाचेपासून हाक मारत जातं, म्हणून क्रम कायम बरोबर लागायचा. पण कोणी एकेक करून सुरू केली तर? दुसऱ्या टोकाकडून सुरू केली तर? तर पाच नंबरच्या कोठीतलं खोकं स्वतःला एक म्हणवणार आणि एक नंबरमधलं पाच. मग मशीन पाचातला गारवा वाचून एकात ऊब सोडत बसणार, आणि एकातली ऊब वाचून पाचात गारवा.

"आई," मी म्हणाले, "मामाने दसऱ्याला व्हिडिओ टाकला होता तो काढ."

आईने काढला. आईच्या फोनमधून काही पुसलं जात नाही. नारळ फुटला, मामाने टाळ्या वाजवल्या, आणि मग पकाईवाले काका डोक्याला रुमाल बांधून सरळ पाच नंबरच्या दाराकडे गेले. मामाचा आवाज येतो, "इकडून करा ना काका, जवळ पडेल." आणि काका म्हणतात, "नाही मालक, शुभ काम उगवतीकडून." पाच नंबरची कोठी उगवतीला. तिथलं बटण दाबलं, हात जोडले. मग चार. मग दोन. सगळ्यात शेवटी एक.

मी तो व्हिडिओ चारदा पाहिला. आई म्हणाली, "किती भक्तिभावाने करताहेत बघ बिचारे."

दुरुस्ती तर लाजिरवाणी सोपी निघाली. तार कुठल्या खाचेत बसली आहे ते कार्डाला आधीपासून ठाऊक होतं, मी कधी विचारलंच नव्हतं. या खाचेला हे दार, त्या खाचेला ते दार, अशी चार नावांची एक यादी. ज्या खाचेत तार, त्या खाचेचं नाव, मग कोणी केव्हाही जागं होवो. साठ ओळींच्या चार झाल्या. तीनचा प्रश्नही मिटला, कारण यादीत तीन लिहिलाच नाही.

आता असा बदल पाठवताना वर एका ओळीत सांगायचं असतं, काय केलं आणि का केलं. मी लिहिलं, 'नाव देण्याचा भाग सोपा केला. कामात काही फरक नाही.' आणि पाठवून दिलं. पुण्याहून दहा मिनिटांत उत्तर आलं, "वा! याला म्हणतात स्वच्छ काम." सोबत टाळ्यांचं चित्र.

खाई त्याला खवखवे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मनाला हिशोबीपणे सांगत होते, आता दुरुस्त झालंय ना, पुन्हा होणार नाही, मग कोणाला कशाला सांगा? कंपनीचं नाव, माझं नाव, मामाचा राग. पण दुरुस्ती कार्डाची झाली होती. तिकडे डोईफोडियात एक माणूस निष्काळजी आणि नाक गेलेला ठरून बसला होता, त्याचं काय? तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "काय झालंय तुला?" मी सांगितलं. आईने पदर खोचला आणि म्हणाली, "चप्पल घाल." आई शाळेत मास्तरीण होती, तिला चूक कबूल करून घ्यायची सवय आहे.

मामा वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसला होता. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. खाच, तार, उगवत, मोजणी. त्याला अर्धं कळलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे खोक्यांनी नावं अदलाबदल केली?"

"खोक्यांनी नाही मामा, मी केली. माझ्या कोडने केली."

"आणि काकांनी दारं?"

"बंदच होती."

मला वाटलं आता मामा ओरडेल, आणि ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो उठला, आत गेला, भिंतीवरच्या खिळ्याचा चाब्यांचा जुडगा घेऊन आला आणि गाडी काढली. खकनारच्या रस्त्याने डोईफोडियापर्यंत तो एकच वाक्य बोलला, "मी त्यांना आंघोळीवरून बोललो गं."

काकांचं घर गावाच्या कडेला, पलीकडे जंगल. काका ओट्यावर तूर पाखडत होते. आम्हाला बघून सूप बाजूला ठेवलं आणि सवयीने उठून उभे राहिले. काकू आतून पाणी घेऊन आल्या. मामा खाली बघत होता, म्हणून मीच बोलले. या वेळी खाच-तार काही नाही.

"काका, चूक माझी होती. मी खोक्यांना नावं चुकीची दिली होती. एक नंबरची ऊब पाच नंबरच्या नावावर दिसत होती. दारं तुम्ही उघडी ठेवली नव्हती."

"दारं तर म्या बंदच केली होती," काका म्हणाले. त्यात त्यांना नवीन काही नव्हतं.

मामाने चाब्या पुढे केल्या. "काका, चुकलो मी. चला घरी. सगळ्यांसमोर सांगतो."

काकांनी चाब्यांकडे पाहिलंच नाही. ते माझ्याजवळ आले. "बेटा, थांब. मले एक सांग. एक नंबरमध्ये मले उकडल्याचा वास आला होता. तो होता का तिथं?"

"होता काका. तुम्हाला बरोबर आला होता. केळी तेव्हा खरंच उकडत होती."

"खरंच?"

"शपथ काका."

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पंधरा दिवस झाले पोरी," त्या म्हणाल्या, "हे माझे मसाल्याचे डबे उघडून बसतात. डोळे मिटतात आणि मले विचारतात, हे जिरं आहे ना? हे धनेच आहेत ना? बरोबर सांगतात, तरी मानत नाहीत. म्हणतात, तू माझं मन राखायले हो म्हणतेस."

काका ओट्यावर खाली बसले. डोक्याचा रुमाल काढून तोंडावर धरला आणि तो माणूस आमच्यासमोर हमसून हमसून रडला.